वीतभर आखूड

मेलेला माणूस घर सोडत नाही. निदान आमचे बाबा तरी, मी त्यांच्या मोटारसायकलला उंच हँडल बसवल्यापासून, सोडत नव्हते. ते जिथे कोसळले, त्या आमच्या गल्लीच्या वळणावर हँडल पूर्ण वळवलं, की पुढचं चाक कुणीतरी धरून ठेवल्यासारखं जागीच थांबे. मागे बसलेली आई हळूच म्हणे, “अहो, सोडा आता.” मी हँडल सरळ करी. चाक सुटे.

सातपूरचा मेकॅनिक सनी हसला. “साहेब, हँडल उंच केलं, ब्रेकची केबल जुनीच ठेवली. वळवलं की ताणते, ब्रेक लागतो. वीतभर लांब टाकू.”

टाकली. संध्याकाळी गाडी न थांबता दारात आली. आई उतरेना.

“जुनी फेकलीस का रे?”

सध्या जुनीच केबल आहे. वळणावर आम्ही दोघं उतरतो आणि मी मागचं चाक उचलून गाडी वळवतो.