बेहड्यातलं सोयर

"मी आता सांगतो त्यावर इथला एकसुद्धा माणूस विश्वास ठेवायचा नाही," मंडपाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवताच भागोजीने जाहीर केलं. "देवाच्या राईत सोयर आलंय. आज कौल लावता यायचा नाही."

मंडपातली चाळीसेक माणसं हसली. हसणारच. याच भागोजीने मिरकरवाड्याच्या जेटीवर एका घोळ माशाला बशीतून चहा पाजला होता, आणि साखर कमी पडली म्हणून तो मासा रुसून परत पाण्यात गेला होता.

गाभाऱ्यात हरिश्चंद्र गुरव ओलं फूल घेऊन उभा होता. देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं, की राईतली एकतीस झाडं नव्या रस्त्यात जाणार. डाव्या अंगाचं पडलं, तर राहणार. गावाने तसं ठरवलं होतं. रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस विनोद मात्र झाडांवर लाल आकडे घालून मोकळा झाला होता. सोमवारी कटर येणार होते. रस्ता झाला की गुरवाच्या आंब्याच्या कलमांपर्यंत गाडी जाणार होती, आणि फुलाला कुठल्या बाजूने किती पाणी लावायचं हे गुरवाच्या बोटांना पाठ होतं. तेव्हा देव काय बोलणार, हे भागोजीने कालच ओळखलं होतं.

"राईत कोण बाळंत झाली, काका?" विनोदने विचारलं.

"ककणेर. तुम्ही शिकलेली माणसं तिला धनेश म्हणता. हा समोरचा बेहडा, तुमचा सतरा नंबर, त्याच्या ढोलीत बसलीय. आत गेली, आतून दार लिंपून घेतलं, चोच जाईल एवढी फट ठेवली. उडायची पिसं गाळून टाकली. आता नवरा भरवील तेव्हा जेवायचं. ती बाहेर येईस्तोवर सोयर काही फिटत नाही."

"म्हणजे कधी?"

"पावसाच्या तोंडावर."

"आणि नवरा काय, डबा घेऊन येतो?"

"गळ्यातून आणतो."

आता तर लोक मांड्या थोपटून हसले. भागोजीला मनापासून वाईट वाटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा मीठमसाला न लावता खरं सांगितलं, तर ही गत!

तेवढ्यात राईवरून घरघर आली. एसटी घाट चढताना येते तशी. भलाथोरला काळापांढरा पक्षी बेहड्याच्या खोडाला येऊन बिलगला. पिवळी बाकदार चोच, वर शिंगासारखा टोप. त्याने मान झटकली आणि चोचीच्या टोकाशी एक उंबर आलं. फटीतून दुसऱ्या चोचीने ते अलगद घेतलं. पुन्हा मान झटकली. दुसरं उंबर. मग तिसरं.

माणसं मंडपाच्या कडेला येऊन उभी राहिली. गुरवाची म्हातारी आई कमळा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे आली आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली. अकरा उंबरं झाली. विनोदने मोबाइल काढला होता, पण फोटो घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. पक्षी उडून गेला.

गुरव गाभाऱ्यातून म्हणाला, "पाखरू आहे, मान्य. पण सोयर लागतं ते भावकीला, भागोजीकाका. हिची भावकी कोण?"

इथे भागोजीने गप्प बसायला हवं होतं. पण समोर माणसं तोंड उघडून बघत असली की त्याची जीभ त्याच्या ताब्यात राहत नसे.

"मी! माझ्या पणजोबाने हिच्या घरच्या मूळ पुरुषाला झोळीत घालून वाढवला. घरचं नाव लावलं. नात्याने ही माझी चुलतसून लागते."

"बरं झालं सांगितलंत," गुरव गोड हसला. "म्हणजे सोयर तुम्हाला एकट्याला. पायरीखाली उतरा. आमचं काम होऊ दे."

त्याने फुलाचा हात वर उचलला.

भागोजी एक पायरी उतरला. आजवर त्याने हजार थापा मारल्या होत्या. त्यातली एकही अशी उलटून त्याच्याच अंगावर आली नव्हती. दुसरी थाप शोधत तो आणखी एक पायरी उतरला.

"खोटारड्या मेल्या!"

कमळाची काठी त्याच्या छातीवर येऊन टेकली.

"तुझी रे कुठली सून? तुझ्या पणजोबाला स्वतःची पोरं सांभाळता आली नाहीत, तो पाखरं वाढवतोय! देवाच्या आवारात बसलीय ती. इथे जी बाळंत होते, ती गुरवांच्या घरची. आमची सून आहे ती."

मग गाभाऱ्याकडे वळूनही न बघता ती म्हणाली, "हरी, फूल खाली ठेव."