एकशे एक्कावन्न पौंड

"एकशे एक्कावन्न पौंड जास्त!" आर्लिसने वजनकाट्याची चिठ्ठी नवऱ्यासमोर धरली. "व्हर्लिन, ट्रकवर मर्यादेपेक्षा जास्त भार आहे."

व्हर्लिन शेजारच्या सीटवर होता. मागे त्यांचा ट्रेलर. त्याचा खुंटा नव्या पिकअपच्या हौद्यात, जोडणीच्या जबड्यात बसलेला. पुढे ॲरिझोनाच्या वाळवंटापर्यंत चौदाशे मैल, आणि मधे कोलोरॅडोचे घाट. एवढा जादा भार घेऊन घाट उतरायचा म्हणजे जिवाशी खेळ. दरवर्षी बर्फ पडायच्या आत, ऑक्टोबरात, ते साउथ डकोटातून निघायचे, पण स्टीअरिंगवर आर्लिस यंदा पहिल्यांदाच होती. खांदा दुखतोय, असं व्हर्लिनचं म्हणणं होतं.

मागून मालट्रकने भोंगा वाजवला. तिने गाडी ट्रकथांब्यावरच्या काट्यावरून काढून कडेला लावली, आणि मग तिचा पारा चढला.

"जुन्या ट्रकला काय धाड भरली होती? मागे चार चाकं होती. डोंगर ओढला असता त्याने."

"तुला चढायला स्टूल लागायचं."

"बावीस वर्षं चढलेच ना स्टुलावरून!"

ते खरंच होतं. जूनमध्ये तो सू फॉल्सच्या डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आला. "पित्त आहे," एवढंच बोलला आणि आठवड्याच्या आत जुना दांडगा ट्रक विकून हा बुटका पिकअप घेऊन आला. मग उन्हाळाभर त्याने तिचा जीव खाल्ला. मागची फळी पाड. सावकाश मागे घे. जबडा खट्ट वाजला का? आता ट्रेलरचे ब्रेक दाबून ठेव आणि पुढे ओढून बघ. सुटला नाही? शाब्बास, परत कर. शेजारी अंगणात खुर्च्या टाकून तमाशा बघायचे. वर हा बाबा घरातल्या उशासुद्धा बाथरूमच्या काट्यावर चढवून आकडे लिहीत बसायचा. चाळीस वर्षं धान्याचे ट्रक हाकलेला माणूस, त्याची वजनं कधी चुकली नव्हती.

"आण तुझा तो कागद," म्हणत आर्लिसने स्वतःच समोरचा खण उघडला.

वर पिकअपच्या दारावरच्या स्टिकरचा आकडा होता: माणसं आणि सामान मिळून २१४० पौंड. खाली पेन्सिलीने यादी. खुंट्यावरून पिकअपवर येणारा ट्रेलरचा भार १६८०. जोडणी १३५. जनरेटर ९५. टूलबॉक्स ७५. आर्लिस १३६. बेरीज मर्यादेच्या एकोणीस पौंड खाली. तिने यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि तिला हसूच फुटलं.

"अरे शहाण्या! उशा मोजल्यास, बायको मोजलीस, आणि स्वतःला विसरलास?"

व्हर्लिन हसला नाही. "विसरलो नाही," तो म्हणाला.

तिचं बोट कागदावर तसंच राहिलं. बुटका पिकअप. उन्हाळाभराची ती घोकंपट्टी. खांदा. पित्त. सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं.

"काय म्हणाले होते डॉक्टर?"

"ऑक्टोबर बघेन असं वाटलं नव्हतं त्यांना." तो ओशाळला. "तुला वाळवंट आवडतं. एकटीला जाता यावं, एवढंच बघत होतो मी. आता मीच जादा झालो बघ."

आर्लिसला रडायचं होतं, त्याला बुकलायचंही होतं. तिने पेन्सिल उचलली, आपल्या नावाखाली 'व्हर्लिन १७०' असं लिहिलं, आणि दार ढकलून खाली उतरली. हौद्याच्या कडेवरून वाकून तिने टूलबॉक्स ओढला.

"अगं, वाटेत काही बिघडलं तर?"

"तर तू आहेस ना सांगायला! जनरेटरला हात लावू नकोस, मी उतरवते."

आधी टूलबॉक्स, मग जनरेटर, असं दोन्ही तिने धापा टाकत ट्रकथांब्याच्या दुकानात नेऊन आदळलं. काउंटरवरची, दरवर्षीच्या ओळखीची डोना बघतच राहिली.

"हे सांभाळून ठेव गं," आर्लिस डोळे पुसत म्हणाली. "बर्फ वितळला की आम्ही दोघं येऊन घेऊन जाऊ."