मुलाकडचं बोलावणं

सुट्टी आज संपणार होती आणि बुधाजी अजून मुलाच्या घरी जेवले नव्हते.

वर्षाकाठी मिळायचे ते पंधरा दिवस. त्यातले चौदा मुंबईभर हिंडण्यात गेले. खाण्याचे हाल झाले असं मात्र कुणी म्हणू नये. दादरला एका गाडीपाशी अर्धा बटाटावडा वाट्याला आला. लालबागच्या चिवडा गल्लीत कुणाचं लक्ष नसताना चार शेंगदाणे तोंडात टाकले. गिरगावात एका खानावळीच्या मागच्या दाराशी उभं राहून नुसता वास घेतला, आणि तेवढ्यावरही दुपार मजेत गेली. कफ परेडच्या मच्छीमार नगरात वाळत घातलेल्या बोंबलांपाशी तर ते इतके रेंगाळले, की तिथल्या बाईने शेवटी काठी उचलली. गिरणीत तीस वर्षं मान खाली घालून काम केलेल्या माणसाला हे शोभत नव्हतं, ते त्यांनाही कळत होतं. पण बोंबील म्हटलं की बुधाजींचा पहिल्यापासून नाइलाज.

बरोबर आलेल्या रामूचं बरं होतं. रामू म्हणजे बीडीडी चाळीतला जुना शेजारी. त्याला मुलांनी पाचव्याच दिवशी बोलावून पोटभर जेवू घातलं. पुढचे दोन दिवस तो त्या जेवणाचंच कौतुक सांगत होता आणि बुधाजी आतल्या आत जळत होते. तुलाही बोलावतील, असं रामू म्हणाला खरा, पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास दिसला नाही.

दोष कुणाचा, हे बुधाजींना ठाऊक होतं. वैभवने ब्रेंडाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा यांच्या अंगात आलं होतं. पोरगी किरिस्तावाची, एवढं एकच धरून बसले आणि हिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, असं चारचौघांत ऐकवलं. त्यानंतर महिन्याभरातच त्यांना मुंबई सोडावी लागली. तीही इतकी तडकाफडकी, की पोराशी दोन शब्द बोलायला सवड मिळाली नाही. तिकडून फोनबिन करायची सोय नव्हती. याला चार वर्षं झाली. दर वर्षी सुट्टीत यायचे आणि दर वर्षी तसेच परतायचे.

गंमत अशी, की तिकडे शेजार मिळाला तो नेमका ब्रेंडाच्या वडिलांचा, कॉनरॅडचा. पहिलं वर्षभर बुधाजी तोंड फिरवून बसले. पण माणूस गिरगावचा, बोलघेवडा, खाण्यातला दर्दी. त्याच्यापुढे अबोला टिकतोय कसला. यंदा निघताना तो म्हणाला, “बुधाजी, माझ्या पोरीच्या हातचे बोंबील एकदा खाऊन ये. मग काय ते बोल.”

“तूही चल की,” बुधाजी म्हणाले.

“आमची सुट्टी नोव्हेंबरात रे. आणि तीपण एकच दिवस.”

तर आज सकाळपासून बुधाजी लालबागच्या चाळीत, मुलाच्या दाराबाहेर, गॅलरीच्या कठड्याशी होते. नऊच्या सुमारास ब्रेंडा टॉवेल वाळत घालायला बाहेर आली. तिने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि आत गेली. रागावली असेल, बुधाजींना वाटलं. रागवायलाच हवं. आपण तिच्याशी वागलो ते कुठल्या सासऱ्याला शोभलं असतं?

तेवढ्यात आतून भांड्यांचा आवाज आला आणि त्यांनी कान टवकारले. खिडकी उघडी होती. वैभव आज कामावर गेला नव्हता. ब्रेंडा त्याला कशासाठी तरी गळ घालत होती आणि तो टाळत होता.

“यायचे नाहीत ते,” वैभव म्हणाला. “बोलून गेलेत ना, तुझ्या हातचं पाणी घेणार नाही म्हणून. एवढं सगळं बनवायचं आणि ते तसंच पडून राहायचं. मला नाही बघवणार यार.”

“तू बोलाव तर खरं. नाही आले तर नाही आले.”

“आणि नाही आले तर मी काय समजू?”

बाहेर बुधाजी खिडकीकडे सरकले. चार वर्षं ते समजत होते, की पोरगा रागाने बोलावत नाही. त्याला भीती वाटत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग शेजारच्या सुचित्राकाकी डोकावल्या. काय काय करायचं, हे ब्रेंडाने त्यांनाच विचारून घेतलं होतं. काकींनी एकेक झाकण उचलून पसंतीची मान डोलावली आणि शेवटच्या झाकणापाशी थबकल्या. आत तळलेले बोंबील होते.

“अगो बाय, आज ह्यां चालणां नाय.”

“बाबांना आवडतात ना?” ब्रेंडाने विचारलं.

“आवडतत गो, पण...”

“मग चालतील.”

काकींनी कपाळाला हात लावला, पण जाताना हसल्या.

बुधाजींना गहिवरून आलं. तिथे थांबवेना, म्हणून ते समोरच्या पिंपळापाशी जाऊन बसले. बोलावल्याशिवाय पानाशी जायचं नाही, एवढा रिवाज तर पाळायलाच हवा. पण एक त्यांनी मनाशी पक्कं केलं. हाक आली की एका हाकेत जायचं. भाव खायचा नाही. पोराला दुसऱ्यांदा हाक मारायला लावायची नाही.

बारा वाजले. साडेबारा झाले. ऊन तापलं. संध्याकाळी तर निघायचंच होतं.

पाऊणच्या सुमारास दार उघडलं. वैभव बाहेर आला, त्याच्या हातात भरलेलं केळीचं पान होतं. मागोमाग ओढणीला हात पुसत ब्रेंडा आली. “बाबा, ब्रेंडाने केलंय,” तो पुटपुटला. “रुसू नका आता.” त्याने पान कठड्याच्या फळीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरला, आभाळाकडे बघत “काव, काव” अशी हाक घातली, आणि ती हाक विरायच्या आत बुधाजींनी पंख पसरले.