बाहीवरची घडी

दाराआडच्या खुंटीवर टांगलेल्या कोटाच्या दोन्ही बाह्यांवर, कडेपासून बरोबर चार बोटं वर, एक आडवी घडी होती. चौदा वर्षं झाली, तरी जाड लोकरीतून ती गेली नव्हती.

लॉर्कन टीहान दर रविवारी चर्चमधून आला की आधी त्या कोटाला हात लावी, मग टोपी काढी. कोट त्याच्या थोरल्या भावाचा, कॉर्मॅकचा. गावी, समुद्रापलीकडच्या क्लेअर परगण्यात, जमीनदाराच्या कारभाऱ्याला ठार मारल्याबद्दल कॉर्मॅक फासावर गेला. धाकटा न्यूयॉर्कला आला, पोलिसात शिरला, सार्जंट झाला. वहिनीलाही, होनोराला, त्यानेच बोलावून घेतलं.

होनोराने उजव्या हाताने चहा ओतला. डावं मनगट वाकडंच जुळलं होतं. विहिरीवर पडले, असं ती सांगे.

"गावाहून पत्र आलंय," लॉर्कन म्हणाला. "चौकीतला तो म्हातारा हवालदार मेला. मरताना बोलला."

"काय बोलला?"

"खबऱ्या पहाटेच्या धुक्यात आला. अंगात कोट, टोपी नाकापर्यंत ओढलेली. तोंडातून शब्द नाही. खडूने टेबलावर चुन्याची भट्टी काढून दाखवली आणि गेला. दादा तिथेच लपला होता." त्याने साखर ढवळली. "आता सांगा वहिनी, मुक्यासारखं कोण येईल? ज्याचा आवाज ऐकताच ओळख पटेल, तोच."

खाली रस्त्यापलीकडे तोतरा म्हातारा होरान चर्चच्या पायऱ्या झाडत होता. तोही गावचाच. दर शनिवारी तिचा कोळसा चार जिने चढून आणून द्यायचा.

"त्याची 'नमो मरिया' प्रार्थना संपेपर्यंत पाद्रीबाबा घरी जाऊन जेवतात," ती म्हणाली. "तो कसली खबर देणार?"

"म्हणूनच तर खडू." लॉर्कन हसला नाही. "ठाण्यात आम्ही बावीस जण, त्यातले सतरा क्लेअरचे. चार वाजता होरान धक्क्यावर फिरायला जातो. पाय घसरला, असं लिहून टाकू. खबऱ्यासाठी आपल्यात कोणी रडत नाही. पण रीत ती रीत. विधवेने नाव घेतल्याशिवाय हात उचलायचा नाही. नऊ वर्षं विचारतोय. दर वेळी चहा पाजून वाटेला लावता."

"थकलाय रे तो."

"दादाला थकायलाही मिळालं नाही."

घड्याळात पावणेचार झाले. होरानने झाडू कोपऱ्यात उभा केला आणि हात झटकले.

लॉर्कन उठला. दंडुका कमरेला अडकवला. "गप्प राहिलात तर होच समजेन."

होनोरा खुंटीपाशी गेली. तिने कोट काढला.

"द्या," तो हळूच म्हणाला. "आज मीच घालून जातो."

तिने तो स्वतःच्या अंगात चढवला. हात बाह्यांत बुडून गेले. तिने आधी उजवी बाही दुमडली, मग डावी. वाकड्या मनगटामुळे वेळ लागला. दोन्ही बाह्या बरोबर जुन्या घडीवर बसल्या. मग तिने टेबलावरची त्याची टोपी उचलली आणि नाकापर्यंत ओढली.

लॉर्कन तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा हात दंडुक्यावर गेला, आणि तिथेच थांबला.

"विधवा नाव घेतेय, लॉर्कन," ती म्हणाली. "होनोरा टीहान."