चालतं

गच्चीच्या दाराला कुलूप घालावं असं उमेशला सुचलं. पण किल्ली निर्मलाताईंकडे होती आणि निर्मलाताई गच्चीवर बोंबील चाचपत होत्या.

खाली विद्यापीठाची गाडी येऊन उभी राहिली. डहाणूच्या या उपकेंद्राचा उमेश अधीक्षक, आणि आज त्याचं कार्यालय किती 'हरित' आहे ते तपासायला माणसं आली होती. निम्म्याहून कमी गुण पडले तर उपकेंद्र गुंडाळून मुख्य इमारतीत हलवायचं, असं परिपत्रक होतं. मुख्य इमारत म्हणजे पहाटेची गाडी आणि गार डबा. उमेश राहायचा जवळच, मसोलीत. दुपारी सायकलवर घरी जायचा, बायकोच्या, भारतीच्या हातचा गरम भात खायचा, पंख्याखाली जरा डोळा लावायचा आणि परत यायचा. नोकरीत याहून वरचं पद असतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

तयारी त्यानं मनापासून केली होती. 'कागद वाचवा' असं लिहिलेले कागद भिंतीभिंतीवर चिकटवले होते. कचऱ्याच्या बादल्या उचलून मागच्या चिकूखाली नेऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे कार्यालयात कचऱ्याला जागाच उरली नव्हती. एसीचा वापर शून्य होता, कारण एसी नव्हता. राहता राहिली गच्ची. तिथे मागच्या वर्षी सौर पॅनल बसवून गेले होते. त्यांची वीज खाली आणणारी पेटी मागाहून येणार होती. ती अजून मागेच होती.

तोवर पॅनलच्या लोखंडी सांगाड्याला निर्मलाताईंनी दोऱ्या बांधल्या. त्या कार्यालयात कारकून, राहायला किनाऱ्यावरच्या वरोरला. बोंबील टांगायची घरची बांबूची वलांडी वाळवीनं खाल्ली, तेव्हा दिवसभर ऊन घेणारा एवढा भक्कम सांगाडा त्यांना पंचक्रोशीत दुसरा दिसला नाही. आता तिथे बोंबलांच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकून ओळीनं लोंबत होत्या. कुणी हरकत घेतली नव्हती. हरकत घेऊ शकणाऱ्या सगळ्यांच्या घरी वाटा पोचत होता.

आजच्या दिवस उतरवा, असं उमेश सकाळपासून विनवत होता. पण बोंबील अर्धे ओले होते, टोपलीत भरले तर वास धरला असता.

"गुण काय, पुढच्या वर्षी पण मिळतील," निर्मलाताई म्हणाल्या. "बोंबील नाही थांबायचे."

तेवढ्यात डॉक्टर योगिता मॅडम जिना चढून वर आल्या आणि शेवटच्या पायरीवर थबकल्या. तपासणीच्या त्या प्रमुख. मागोमाग मनिष आला, हातात टॅब घेऊन. मॅडम बोलतील ते शब्दाला शब्द टिपायचं, हे त्याचं काम. मागे एकदा एका अहवालात त्यानं पदरचा शब्द घातला होता आणि त्याबद्दल मॅडमची बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून तो विचारही त्यांना विचारून करायचा. फोटो काढायला तो पॅनलच्या पलीकडे गेला. बोंबील फोटोत येऊ नयेत म्हणून बराच वाकला.

मॅडमनी पॅनलकडे पाहिलं. मग बोंबलांकडे. मग पुन्हा पॅनलकडे.

"चालतं का इथे?"

उमेशनं पेटीची हकिगत सांगायला तोंड उघडलं. पण बोंबलांसमोर उभं राहून कुणी 'चालतं का' म्हटलं, तर निर्मलाताईंच्या लेखी त्याचा एकच अर्थ होता.

"आमच्यात रोज चालतं, मॅडम," त्या म्हणाल्या. आणि पाहुण्याला विचारायची रीत म्हणून पुढे म्हणाल्या, "तुम्हाला चालतं?"

उमेशनं डोळे मिटून घेतले. त्याला स्टीलचा डबा दिसला. त्यात सकाळची भेंडी होती.

मॅडम पुन्हा बोंबलांकडे पाहू लागल्या. या खेपेला त्यांनी नजर पॅनलकडे वळवली नाही.

"मॅडम," पलीकडून मनिषनं हाक दिली, "सौरचं काय लिहू? चालतं?"

"चालतं," मॅडम म्हणाल्या. निर्मलाताईंना म्हणाल्या, पण मोठ्यानं म्हणाल्या. "सोमवार सोडून."

मनिषनं लिहिलं.

त्या दिवशी नेमका सोमवारच होता. निर्मलाताई म्हणाल्या, काही बिघडत नाही, अजून दोन उन्हं लागतीलच.

पंधरवड्यानं अहवाल आला. कार्यालय वाचलं होतं, तेही सौरच्या गुणांवर. 'सौर यंत्रणेची सद्यस्थिती' या रकान्यात स्वच्छ छापलं होतं: चालतं. सोमवार सोडून. त्या दुपारी उमेशनं भात दोनदा मागून घेतला, आणि डोळा जरा जास्तच लागला.

जागा होऊन परततो तर टेबलावर विद्यापीठाचं पत्र. उपकेंद्राची सौर यंत्रणा सोमवारी का चालत नाही, याचा तातडीनं खुलासा करावा.

उमेश बराच वेळ पेन धरून बसला. पेटीचं नाव काढलं तर गुण जाणार होते, आणि खोटं लिहिणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं निर्मलाताईंकडे पाहिलं.

"जे आहे ते लिहा की," त्या म्हणाल्या.

त्यानं लिहिलं: सोमवारी उपवास असतो.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. खुलासा समाधानकारक असल्याचं कळवलं होतं. खाली सहीशेजारी, कुणा वरिष्ठाच्या हातची एक ओळ होती.

'श्रावणात यंत्रणा महिनाभर बंद ठेवणार काय, तेही कळवावे.'