शरयूताईंची गोळी

मनगटाला यंत्र टेकवताच शरयूताईंची उरलेली वर्षं पडद्यावर उमटली. डॉक्टर म्हणाले, "थायरॉईड किंचित मंद आहे. तसाच ठेवला तर आणखी अठरा वर्षं जगतील. गोळी दिली तर अंगात उत्साह येईल, पण अकराच वर्षं."

"मेथीची एक जुडी निवडायला आईला अख्खी सकाळ लागते," मकरंद वैतागून म्हणाला. "माझी बायको सोमवारपासून ऑफिसला जाणार. बाळाला बघणार कोण?"

"आजी, तुम्हाला काय वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

शरयूताईंनी ओठ हलवले. बोलायला त्यांना हल्ली वेळ लागे. तोवर मकरंदचा हिशेब झालासुद्धा.

"तीन वर्षांनी बाळ शाळेत जाईल, डॉक्टर. अकरा कशाला लागतायत? जरा जास्त पॉवरची द्या ना."