पंधरापट

टूसॉनच्या दुकानदाराने हातात धरायची हलकी दुर्बीण पुढे केली. मी मात्र पंधरापट मोठं दाखवणारी मागितली.

"ती हातात स्थिर राहत नाही बाई, तिपाईवरच लावावी लागते."

"चालेल."

"ओफेलिया, हे धूड डोंगरावर तुझा नवरा वाहणार का?" बाबा करवादले. शिकारीच्या अख्ख्या मोसमात त्यांना एकही हरीण दिसलं नव्हतं, त्यामुळे ते तसेही चिडलेलेच होते.

रविवारी डोंगरावर मी दुर्बिणीतून समोरचा उतार तासभर धुंडाळला. झाडाखाली शिंगं दिसली. दुर्बीण तिथेच रोखून मी तिपाईचा स्क्रू घट्ट आवळला आणि डोळे चोळत उठले. "बाबा, माझे डोळे दुखले. तुम्ही बघा जरा."

बाबांनी दुर्बिणीला डोळे लावले. "अगं, हे काय समोरच बसलंय! आजकालच्या पोरांना डोळेच नाहीत."

शिकार झाली. मांस पाठीवर घेऊन उतरताना बाबांनी तिपाई माझ्याकडून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"बरं केलंस, जड घेतलीस," मागे न वळता ते म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी स्क्रू जरा सैल ठेव, पोरी. थोडं तरी मला शोधू दे."